रिकाम्या चढाईची गोष्ट : खेळकथांमधून मुलांची भीती कशी हाताळावी

देवगड तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवत होते. जुलै महिना, बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि कौलांवरच्या आवाजात मला जवळजवळ ओरडूनच वाचावं लागत होतं. गोष्ट कबड्डीची होती. गोष्टीतली मुलगी चढाईला निघाली, मध्यरेषेपाशी आली आणि तिचे पाय जागच्या जागी थिजले. तेवढ्यात शेवटच्या ओळीतला एक मुलगा, जो एरवी हजेरीलासुद्धा धड ‘हजर’ म्हणत नसे, त्यानं विचारलं, “बाई, तिका पण भ्या वाटता?”

मी म्हटलं, “होय रे, वाटता.” त्या दिवशी पुढची गोष्ट वाचून झालीच नाही. कुणाला विहिरीची भीती, कुणाला साकवाची, कुणाला फळ्यापाशी उभं राहण्याची. जो तो आपापलं सांगत सुटला. त्याआधी दोन वर्षं मी त्याच मुलांना “घाबरायचं काय त्यात?” म्हणत आले होते, आणि तोवर एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

तेव्हापासून दर पावसाळ्यात मी हे नेमानं करते. नव्यानं शाळेत रुजू झालेले शिक्षणसेवक, गावातल्या वाचनालयात मुलांचा तास घेणारे, मुलांना खेळ शिकवणारे तरुण यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

खेळाचीच गोष्ट का?

भीतीच्या गोष्टी पुष्कळ असतात. खेळाच्या गोष्टीत भीतीला जागा असते आणि वेळ असते. कबड्डीत मध्यरेषा आहे, तीस सेकंदांची चढाई आहे. खो-खोत खांब आहे, पाठीमागून कधीही येणारा ‘खो’ आहे. भीती नेमकी कुठं सुरू झाली आणि कुठं संपली, हे मुलाला बोटानं दाखवता येतं. गणिताच्या पेपराच्या भीतीला अशी रेषा आखता येत नाही. म्हणून बोलायला सुरुवात मैदानापासून करायची. मुलं तिथून आपली आपण पेपरापर्यंत येतात.

याला अभ्यासाचाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये कुत्र्याला भिणाऱ्या लहान मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्याच वयाचं एक मूल काही दिवस कुत्र्याच्या हळूहळू जवळ जाताना त्या मुलांनी पाहिलं, आणि पुढं त्यांची स्वतःचीही कुत्र्याजवळ जाण्याची तयारी वाढली. १९७१ मध्ये डोनाल्ड मायकेनबॉम यांनी सापाला भिणाऱ्यांचा अभ्यास केला. साप हाताळणारी माणसं काहींना मुळातच निर्भय अशी दाखवली, तर काहींना आधी घाबरणारी आणि मग स्वतःला सावरणारी. दुसऱ्या गटाला जास्त फायदा झाला. आपल्या कामाची सगळी मदार या दुसऱ्या निष्कर्षावर आहे. निर्भय नायकाची गोष्ट ऐकून भित्रं मूल आणखी आक्रसतं. आधी घाबरलेला आणि घाबरत घाबरतच पुढं गेलेला नायक त्याला आपला वाटतो.

पहिली पायरी : आधी तीन आठवडे नुसतं बघा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की लगेच गोष्टीला हात घालू नका. मुलं खेळत असताना बाजूला उभं राहा. कोण खेळतं ते सगळ्यांनाच दिसतं. तुम्ही न खेळणारी मुलं बघा. गुण लिहायला सगळ्यात आधी हात वर करणारा, पाण्याची कळशी आणायला धावणारी, खेळाच्या तासालाच नेमकं पोट दुखणारा, ‘माझी चप्पल तुटली’ म्हणत पायरीवर बसणारी. यातल्या काहींना खेळ मनापासून आवडत नसतो, आणि त्यात वावगं काही नाही. पण गुण लिहिता लिहिता ज्याचे डोळे चढाई करणाऱ्याच्या पायांवर खिळलेले असतात, त्याला खेळायचं असतं.

मग भीती कसली आहे ते पाहा. आमच्याकडं जांभ्या दगडाचं खरबरीत मैदान. पडलं की गुडघा सोलवटतो, म्हणून पडण्याची भीती. ‘माझ्यामुळं आपण हरलो तर’ ही दुसरी, मुलींमध्ये मला ती जास्त आढळली. हसतील याची तिसरी. अंगावर येणाऱ्या चेंडूची चौथी. खेळ संपून घरी जायला उशीर झाला तर आडवाटेवरच्या अंधाराची, पिंपळावरच्या मुंजाची पाचवी. वरून दिसायला सगळी एकच, ‘नको बाई, मी नाय खेळत’. पण गुडघ्याला भिणाऱ्या मुलाला हसण्याच्या भीतीची गोष्ट वाचून दाखवली तर ती वाया जाते.

इथंच एक गोष्ट पक्की करून घ्या. प्रत्येक भीती काढून टाकायची नसते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी न लोटण्याची रीत आहे. ही माणसं भित्री नाहीत. पिढ्यानपिढ्या समुद्रावर पोट असलेली माणसं आहेत, आणि समुद्राला कधी भ्यायचं ते त्यांना कळतं. उधाणाची, ओढ असलेल्या पाण्याची, हेल्मेटशिवाय सीझन बॉल खेळण्याची भीती शहाणी आहे, ती राहू द्या. मला हात घालायचा असतो तो अडवणाऱ्या भीतीला. जिथं धोका थोडा आहे, इच्छा पुष्कळ आहे आणि तरीही पाय उचलत नाही, तिथली भीती. मुलांनाही हे दोन शब्द द्या, शहाणी भीती आणि अडवणारी भीती. ती फार लवकर वापरायला लागतात.

दुसरी पायरी : गोष्ट निवडताना

आपल्याकडं मुलांसाठी खेळावरची कथा थोडी आहे, हे आधीच मान्य करून टाकू. जी मिळते तीत बऱ्याचदा शेवटच्या क्षणी नायक संघाला जिंकून देतो आणि सगळे त्याला खांद्यावर घेतात. असल्या गोष्टी वाचायला हरकत नाही, पण आपल्या या कामाच्या नाहीत. हातात आलेल्या गोष्टीला तीन प्रश्न विचारा. नायक खरोखर घाबरतो का, आणि ते घाबरणं दोन-तीन परिच्छेद तरी टिकतं का? त्याला कुणीतरी चिडवतं, रागावतं किंवा समजून घेतं का, म्हणजे तो एकटाच असतो की आजूबाजूला माणसं असतात? आणि जिंकल्यानं भीती गेली असं गोष्ट सांगते का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर गोष्ट बाजूला ठेवा. मूल त्यातून एवढंच शिकतं की जिंकता आलं नाही तर भीती राहणारच.

गोष्टी शोधायला बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक चाळा. १९७१ पासूनचे अंक आहेत आणि ते इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आपल्या मातीतली, प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असलेली एक गोष्ट तर हाताशीच आहे. दापोली तालुक्यातल्या पालगडच्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’मध्ये श्यामच्या पोहण्याची हकिगत सांगितली आहे. पोहायला भिणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते. ती मी दरवर्षी वाचते, पण लपून बसलेल्या श्यामपाशी थांबते आणि त्याला त्या वेळी काय काय ऐकू येत असेल ते मुलांना विचारते. पाण्याचे, पावलांचे, दुसऱ्या मुलांच्या हसण्याचे आवाज मुलं सांगतात. माराचा भाग आला की स्पष्ट सांगते की ती त्या काळची, त्या आईची रीत. आपण शिक्षकांनी त्यातून छडीचा धडा घेऊ नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे, आणि ‘भित्रा, भित्रा’ म्हणून वर्गासमोर चिडवणं हा छळच आहे.

खऱ्या खेळाडूंच्या गोष्टी सांगू नयेत का? जरूर सांगा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मुलांचे डोळे चमकतात. पण त्यात शेवट आधीच ठाऊक असतो, आणि खऱ्या माणसाच्या मनात काय चाललं होतं याबद्दल आपण वाटेल ते बोलू शकत नाही. कल्पित मुलीच्या मनात मात्र मुलं खुशाल शिरतात. तिला काय वाटलं याचं उत्तर चूक ठरत नाही.

तिसरी पायरी : स्वतः लिहा

इथं जास्त वेळ द्या. तुम्ही लिहिलेली साधी गोष्ट छापील गोष्टीपेक्षा बरेचदा जास्त लागू पडते, कारण तीत तुमचं मैदान, तुमची वाडी, तुमचा पाऊस असतो. लेखक असण्याची गरज नाही. आठ-दहा मिनिटांत वाचून होईल एवढीच लिहा, वहीची चार-पाच पानं.

कबड्डीपासून सुरुवात करा, कारण या खेळाच्या नियमातच आपल्याला हवी ती गोष्ट दडलेली आहे. चढाई करणाऱ्यानं कुणाला हात लावला नाही तरी चालतं, पण निदानरेषा, म्हणजे मध्यरेषेपलीकडं विरुद्ध संघाच्या अंगणात आखलेली रेषा, ओलांडायला हवी, दम न तोडता परत यायला हवं. याला रिकामी चढाई म्हणतात. गुण मिळत नाही, पण गडी बादही होत नाही. भिणाऱ्या मुलासाठी याहून चांगला नायक मला सापडलेला नाही : जो गेला, रेषा ओलांडली आणि परत आला. माझ्या सगळ्या गोष्टी फिरून फिरून रिकाम्या चढाईवरच येतात. विजयाची चढाई लिहायचा मोह होईल. पहिल्या तीन गोष्टींत तरी तो आवरा.

माझ्या वहीतला एक तुकडा देते.

‘मध्यरेषेवर पाय ठेवला तेव्हा सायलीच्या तोंडाला कोरड पडली होती. समोर सात जणी, हातात हात गुंफून उभ्या. डाव्या कोपऱ्यातली उंच मुलगी सारखी तिच्या घोट्याकडंच बघत होती. सायलीनं पायाची बोटं वाळूत रुतवली. वाळू गार होती. कबड्डी, कबड्डी... आवाज तिचाच, पण पलीकडच्या वाडीतून आल्यासारखा. तीस सेकंदांतले किती गेले कोण जाणे. मागून कुणीतरी म्हणालं, “जा गो!” आणि सायलीनं...’

यात ‘भीती’ हा शब्द कुठंच नाही, बघा. कोरडं तोंड, घोट्याकडं बघणारी मुलगी, गार वाळू, परका वाटणारा आपलाच आवाज. भीती शरीरात कुठं बसते ते लिहा, मूल ती लगेच ओळखतं. ‘सायली खूप घाबरली होती’ असं लिहिलं तर मूल मान डोलावतं आणि पुढं जातं.

आणखी काही गोष्टी सांभाळा. नायकाला तुमच्या वर्गातल्या कुणाचंही नाव, घर, ओळखीची लकब देऊ नका. हे मी चूक करून शिकले. पहिल्याच वर्षी मी एका मुलीला डोळ्यांसमोर ठेवून गोष्ट लिहिली. नाव बदललं होतं, पण गोष्टीतल्या मुलीच्या केसांना तोच पिवळा रबर होता. अर्ध्या मिनिटात सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. ती आठवडाभर शाळेत आली नाही. मी घरी जाऊन तिची आणि तिच्या आजीची माफी मागितली. तिचा विश्वास परत मिळवायला मला दिवाळी उजाडली.

संवाद मुलांच्या बोलीत लिहा. मालवणी, संगमेश्वरी, बाणकोटी, जी तुमच्या गावात चालते ती. ‘मला भीती वाटते’ हे मूल बाईंना सांगतं आणि ‘माका भ्या वाटता’ हे आईला. आपल्याला दुसरं ऐकायचं आहे. बोली तुमची नसेल तर वर्गातल्याच एखाद्या मुलीला वाक्य विचारा. बाईंनाही काही येत नाही आणि त्या विचारतात, हे बघून मुलं सैल होतात.

कबड्डीनंतर खो-खो घ्या. संरक्षण करणारे तिघं-तिघं आत येतात, म्हणजे घाबरलेल्याला दोन सोबती आपोआप मिळतात. गोष्टीसाठी हे फार सोयीचं. चौकटीत बसलेल्या मुलाची गोष्टही लिहा. त्याला पाठीवर थाप कधी पडेल ते कळत नाही, आणि उठल्यावर एकदा दिशा घेतली की मागं फिरता येत नाही. निर्णय घ्यायला घाबरणाऱ्या मुलांना ही गोष्ट फार जवळची वाटते. क्रिकेटची गोष्ट मुलं मागतीलच, द्या. पण फलंदाजापेक्षा उंच उडालेल्या झेलाखाली उभ्या राहिलेल्या मुलाची लिहा.

चौथी पायरी : वाचा आणि थांबा

आमच्याकडं वाचायचा काळ म्हणजे जुलै ते सप्टेंबर. मैदानावर शेवाळ, पाय घसरतो, खेळ बंद. मुलं वर्गात अडकलेली असतात आणि गोष्टीला भुकेली असतात. शाळेतल्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमाचा तास मिळाला तर उत्तम. नाहीतर मधल्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं. गोल बसवा, तुम्हीही खाली बसा.

वाचताना आवाजाचं नाटक करू नका. भीतीच्या जागी तर वेग आणखी कमी करा. आणि ‘आणि सायलीनं...’ इथं थांबा. पुस्तक मिटा. खरंच मिटा, बोट आत ठेवून नको. मुलं ओरडतील, “पुढं? बाई, पुढं काय?” गप्प राहा. माझा अनुभव असा की दहा-पंधरा सेकंदांची ही शांतता नव्या शिक्षकाला सगळ्यात जड जाते. ती भरून काढायला आपण काहीतरी बोलतो आणि घडी मोडते.

मग पहिला प्रश्न असा विचारा : “सायलीचे हात आत्ता कसे असतील? गरम की गार?” शरीराचा प्रश्न सोपा असतो, त्याला सगळे उत्तर देतात. पुढचा : “कोपऱ्यातली उंच मुलगी काय विचार करत असेल?” हा प्रश्न मला फार आवडतो, कारण कुणीतरी हमखास म्हणतं की तीपण घाबरली असेल. मग : “मागून कुणी काय म्हणालं तर सायलीला बरं वाटेल? काय म्हणालं तर आणखी वाईट वाटेल?” याची उत्तरं फळ्यावर लिहून ठेवा. डिसेंबरात मैदानावर तीच कामाला येतात. आमच्या फळ्यावर एकदा आलं होतं, ‘घाई नाय’. पुढं तो आमच्या संघाचा परवलीचा शब्द झाला.

“तुमच्यापैकी कुणाला असं वाटतं?” हा प्रश्न विचारू नका. कधीच नाही. मूल सायलीबद्दल बोलत असतं तेव्हा ते स्वतःबद्दलच बोलत असतं, आणि सायलीच्या आड ते सुरक्षित असतं. तुम्ही तो पडदा ओढलात की ते गप्प होतं. स्वतः होऊन कुणी सांगितलं तर ऐका, ‘हं’ म्हणा, सल्ला देऊ नका. कुणी हसलं तर त्याच्यावर डाफरू नका, “हसणाऱ्याला सायली काय म्हणेल?” एवढं विचारा.

पुढचा भाग दुसऱ्या दिवशी वाचा. मधली रात्र महत्त्वाची असते. मुलं घरी सांगतात, आजोबा आपली हुतूतूची गोष्ट सांगतात, सकाळी चार नवे शेवट घेऊन वर्ग भरतो.

पाचवी पायरी : शेवट मुलांना करू द्या

गणपतीची सुट्टी संपली की मुलांच्या डोक्यात भजन, फुगड्या आणि नाटक असतं, आणि कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की दशावतार. दशावतारी नटांकडं लिहिलेली संहिता नसते, ते संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात, हे आपल्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. त्याचा फायदा घ्या. अर्ध्यावर थांबवलेली गोष्ट द्या आणि म्हणा, उद्या हे दशावतारासारखं करायचं. एकजण सायली, बाकीच्या विरुद्ध संघात, आणि एका मुलाला सायलीची भीती करा. होय, भीतीलाच पात्र करा. तो तिच्या कानाशी बोलत राहील. आमच्याकडं एकदा भीती झालेला मुलगा दशावतारातल्या संकासुर राक्षसासारखा नाचत आला आणि म्हणाला, “मी खंय जातलंय? मी हयच रवतलंय!” (मी कुठं जाणार? मी इथंच राहणार!) सायली झालेली मुलगी जराशी थांबली आणि म्हणाली, “रव. माका खेळाक जावचा आसा.” मला हे वाक्य लिहिता आलं नसतं.

ज्यांना बोलायला जड जातं त्यांना शेवट लिहू द्या किंवा काढू द्या. शुद्धलेखन तपासू नका. लाल पेन घरी ठेवा.

सहावी पायरी : मैदानावर, पण हळू

गोष्टीनं भीती गेली असं समजून मुलाला एकदम चढाईला पाठवाल, तर सगळं पाण्यात जाईल. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाबद्दल लिहिलं. तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यातून लांब ठेवायचा आणि दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. आपली पद्धत तीच. आवडीच्या गोष्टीसोबत, थोडं थोडं, जवळ जवळ.

भातकापणी झाली की मोकळा कुणगा, म्हणजे भातशेताचा तुकडा, मिळतो. किनाऱ्याजवळच्या शाळेला पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, आहेच. ओहोटीची वेळ बघा आणि पाण्यापासून लांब, कोरड्या वाळूत खेळा. जांभ्यावर पडायला भिणारं मूल पुळणीत आनंदानं लोळतं. पहिल्या आठवड्यात पकड नाही, विरुद्ध संघ नाही. नुसती रेषा आखायची आणि एकेकानं ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत निदानरेषेपर्यंत जाऊन परत यायचं. दम धरायचा सराव हा मुळात लांब श्वास सोडण्याचा सराव आहे, आणि सावकाश सोडलेल्या श्वासानं छातीतली धडधड उतरते. मुलांना हे सांगा आणि गोष्टीतला सायलीचा आवाज आठवायला लावा. दुसऱ्या आठवड्यात समोर तीन मुलं उभी करा, हात न लावणारी. तिसऱ्यात हात लावणारी, पण न पकडणारी. पकड सगळ्यात शेवटी, आणि तीही आधी त्या मुलालाच पकड करू द्या. पकडणाऱ्याच्या बाजूनं बघितलं की चढाई करणारा किती घाबरलेला असतो ते त्याला दिसतं.

प्रत्येक पायरी पुढं जायची की नाही हे मूल ठरवेल. ‘आज तेवढंच’ म्हणायचा हक्क त्याला असावा. परत मागच्या पायरीवर जावं लागलं तर जा.

पाण्याचं मात्र वेगळं. पोहण्याच्या गोष्टी वाचा, मालवणच्या चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेची माहिती द्या, पण मुलांना घेऊन समुद्रात, नदीत किंवा विहिरीत उतरण्याची पायरी शिक्षकानं स्वतःच्या हिमतीवर कधी घेऊ नये. तिथं पालकांची परवानगी आणि पोहणं शिकवणारं जाणतं माणूस, दोन्ही हवं. नसेल तर गोष्ट वर्गातच राहू दे.

स्पर्धेचा दिवस

हिवाळी स्पर्धा जवळ आल्या की केंद्रस्तर, तालुकास्तर असा दबाव वाढत जातो, आणि आपण शिक्षकच सगळं विसरून “जिंकायचंय!” म्हणायला लागतो. मीही लागते. त्या सकाळी मी वहीतली फळ्यावरची वाक्यं वाचून दाखवते, बाकी भाषण करत नाही. भिणाऱ्या मुलाला राखीव खेळाडूंत ठेवलं असेल तर त्याला आधीच नेमकं सांगा की कधी आत जाशील, किंवा आज जाणार नाहीस. अनिश्चितता भीतीला खतपाणी घालते. आणि त्याची रिकामी चढाई झाली की टाळी वाजवायला तुमचा संपूर्ण संघ तयार ठेवा.

हे आपल्या आवाक्याबाहेर कधी असतं

काही भीती गोष्टीनं हाताळायच्या नसतात. मूल झोपेतून किंचाळत उठतं, शाळेत यायलाच तयार होत नाही, खाणं तुटलं, एखाद्या ठरावीक माणसाचं नाव काढलं की अंग चोरतं, जवळच्या कुणाच्या बुडण्यानं किंवा अपघातानं बदलून गेलं, तर गोष्ट थांबवा. मुख्याध्यापकांशी आणि, घरच्यांकडूनच धोका नसेल तर, पालकांशी बोला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांच्या कानावर घाला. टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा आहे. मुलावर कुणी अत्याचार करत असल्याची शंका आली तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा. मुलानं एकांतात काही सांगितलं, तर “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका. “तुला मदत करू शकेल अशाच माणसाला सांगेन,” म्हणा.

वही

एक वही करा. डाव्या पानावर गोष्ट, उजव्या पानावर तारीख, कुठं थांबलात, कोणता प्रश्न चालला, कोणता फसला. मुलांची नावं लिहू नका. मुलांनी केलेले शेवट चिकटवून ठेवा. आपल्या नोकरीत बदली ठरलेलीच. माझी झाली तेव्हा मी वही वर्गाच्या कपाटात, खडूच्या खोक्याखाली ठेवून आले, आणि नव्या बाईंना पहिल्या पानावर एवढंच लिहून ठेवलं की जुलैत सायलीची गोष्ट वाचा, ‘आणि सायलीनं’पाशी थांबा, पुढचं चौथीची मुलं सांगतील.